स्टाफरूममधलं हाडवैर

गणिताचे सर शर्टाची इस्त्री मोडू न देणारे, तर चित्रकलेचे सर त्याच शर्टाला रंगाचे हात पुसतील असे. स्टाफरूममध्ये दोघांचं क्षणभरही पटायचं नाही. खिडकी उघडावी की लावावी, यावरूनसुद्धा जुंपायची, आणि बाकीचे चहा घेत मजा बघायचे.

संध्याकाळी मात्र दोघं वेगवेगळ्या वाटांनी एकाच घरी यायचे.

"आज फार लागेल असं बोललो का रे?" गणिताच्या सरांनी विचारलं.

चित्रकलेच्या सरांनी त्यांना मागून मिठी मारली. "उलट कमीच पडलं. भूगोलाच्या बाईंना आपला संशय येतोय. उद्या जरा आवाज चढव."

दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांनी असा आवाज चढवला, की मुख्याध्यापिका धावत आल्या. "मला या माणसाचं तोंडही बघायचं नाही," त्यांनी मुख्याध्यापिकांना ठणकावून सांगितलं.

सोमवारी मुख्याध्यापिका बाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "तुमची कटकट मिटवली, सर. त्यांची बदली करवून घेतली, पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला."

गणिताच्या सरांचे डोळे भरून आले.

 

"अहो, आभार कसले मानताय," पाण्याचा ग्लास पुढे सरकवत बाई म्हणाल्या, "माझं कामच आहे ते."