वारा कुणाचा

मशीनच्या मते क्रेनवाला रोज रात्री सात तास झकास झोपत होता.

तंत्रज्ञ बाईंनी मशीनमधलं कार्ड काढून संगणकात घातलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. पूर्वी झोपेत त्याचा श्वास तासाला बेचाळीस वेळा अडत असे, मास्कमधून हवा सोडणारं हे मशीन लावल्यापासून जेमतेम दोनदा. मास्क एकही रात्र चुकलेला नव्हता. शाळेत असे मार्क पडले असते तर बापाने पाठ थोपटली असती, असं त्याच्या मनात आलं, आणि तेवढ्यात त्याला जांभई आली.

“आता ताजंतवानं वाटतं ना, काका?” बाईंनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर काम फत्ते होतं. डॉक्टरांची कागदावर सही झाली असती आणि सोमवारपासून तो पुन्हा क्रेनच्या केबिनमध्ये बसला असता. नाही म्हटलं तर कायमचं गोदामाच्या दाराशी बसून गाड्यांचे नंबर लिहायचे. पण तीन महिन्यांपूर्वी, आकड्याला लोखंडी तुळई लटकत असताना त्याचा डोळा लागला होता, आणि खाली चार माणसं उभी होती. कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. तरी तो स्वतःच खाली उतरला आणि साहेबांना जाऊन सांगून आला.

“नाही वाटत,” तो म्हणाला. “अंग मोडून येतं. दुपारी तर उभ्या उभ्या झोप येते.”

बाईंनी एकेक शक्यता काढायला सुरुवात केली. मास्क सैल होतो का, नाक चोंदतं का, संध्याकाळनंतर चहा किती, झोपेची गोळी, उशाशी मोबाइल. तो प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि प्रत्येक ‘नाही’गणिक त्याचा गोंधळ वाढत गेला. मशीन खोटं बोलत नव्हतं, तोही बोलत नव्हता. मग खोटं बोलत होतं कोण? आपण कामचुकार तर झालो नाही ना, अशी शंकाही त्याला चाटून गेली, आणि तिची त्याला लाज वाटली.

त्याची बायको इतका वेळ भिंतीलगतच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन गप्प बसली होती. एरवी दवाखान्यात तीच जास्त बोलायची.

बाईंनी एका रात्रीचा आलेख मोठा केला. श्वासाच्या एकसारख्या लाटांत मधूनच एक झटका दिसत होता. मग दुसरा. त्यांनी दुसरी रात्र उघडली, मग तिसरी. सगळीकडे तेच.

“दर पाऊण तासाने काहीतरी होतंय,” त्या पुटपुटल्या. “शरीर इतकं घड्याळ लावून वागत नाही, काका. तुम्हाला रात्री कुणी हलवतं का?”

तो नाही म्हणणार, एवढ्यात मागून आवाज आला.

“मी हलवते.”

त्याने वळून पाहिलं. बायको पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती.

ती सांगू लागली ते पडद्याकडे बघून. अकरा वर्षं हे घोरायचे. घोरणं चालू असलं की तिला काळजी नसायची. मध्येच आवाज थांबायचा, म्हणजे श्वास थांबायचा. मग ती कोपराने ढोसायची, की गाडी पुन्हा सुरू. आता मशीन आल्यापासून ह्यांचा आवाजच नाही. सारखी सामसूम. नाकासमोर हात धरला तर मास्कच्या भोकांतून वारा लागतो.

“पण तो वारा ह्यांचा की मशीनचा, कसं कळायचं?” ती म्हणाली. “म्हणून ढोसते. हे झोपेतच ‘हूं’ म्हणतात. तेवढं ऐकलं की बरं वाटतं.”

क्रेनवाल्याला रागवावं की काय करावं ते समजेना. रात्री दहादा उठवलं गेल्याचं त्याला काहीच आठवत नव्हतं. आणि आपल्या श्वासासाठी शेजारी कुणी अकरा वर्षं जागं होतं, हे तर त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाईंनी समजुतीने सांगितलं की काकू, आता ते काम मशीन करतं, तुम्ही झोपायचं. पंधरा दिवस ढोसणं बंद, मग पुन्हा कार्ड बघू, तोवर सही नाही. बायकोने मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. झोपल्यावर मास्क नीट बसतो का तेही पाहू, म्हणून बाईंनी त्याला खाटेवर आडवं केलं, मास्क चढवून मशीन चालू केलं आणि त्या डॉक्टरांना सांगायला गेल्या.

बायकोने खुर्ची खाटेजवळ ओढून घेतली. त्याने डोळे मिटले आणि कोपराची वाट पाहिली. कोपर आलंच नाही. थोड्या वेळाने त्याने एक डोळा उघडला. तिची मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती, तोंड अर्धवट उघडं होतं, पिशवी घसरून जमिनीवर पडली होती. त्याला हसू आलं.

मग हसू थांबलं. ती घोरत नव्हती. हलतही नव्हती. मशीनच्या मंद घरघरीत दुसरं काही ऐकू येईना.

मास्कची नळी पुरेल तेवढा तो वाकला आणि तिच्या नाकासमोर तळहात धरला. वारा लागला. पण वर पंखाही फिरत होता.

त्याने कोपराने तिला हळूच ढोसलं.

“हूं,” ती म्हणाली, आणि कूस बदलायला जागा नव्हती म्हणून तशीच झोपून राहिली.