रिज रोव्हर्सचा सातवा

मैदानावर रिज रोव्हर्सचे सहाच खेळाडू उभे होते, आणि उल्हास कर्णिकने लाइव्ह सुरू केलं.

“देखिए साहब, गिन लीजिए! ग्यारह की टीम, आए हैं छह. इसको कहते हैं मैनेजमेंट!”

मोबाइलच्या पडद्यावर बघणारे भराभर वाढू लागले. दिल्लीच्या लीगला वर्तमानपत्रं एक ओळ देत, तीही कधीकधी हरलेल्याला जिंकवून. टीव्हीवाल्यांना युरोपच्या अलीकडे फुटबॉल दिसतच नसे. म्हणून उल्हासने स्वतःचं चॅनेल काढलं होतं. आठवडाभर मंत्रालयात वरिष्ठांपुढे ‘जी सर’ करणारा हा माणूस इथे कुणाची भीड ठेवत नसे. लोक सामन्यापेक्षा त्याचं बोलणं ऐकायला येत. आणि त्याच्या तावडीत कायम सापडणारा माणूस एकच होता: क्लबचे सेक्रेटरी गुणवंतराव प्रधान. साठी उलटलेले, चष्मेवाले, कमी बोलणारे.

“अहो, जरा हळू,” शेजारी बसलेली त्याची बायको सुनीती म्हणाली. “ऐकू जातंय त्यांना.”

“जाऊ दे की! खुर्ची सोडवत नाही, टीम जमवता येत नाही. आज क्लब बुडाला तर कुणामुळे, सांग ना.”

बुडायची वेळ खरंच आली होती. उरलेली पोरं सकाळीच गुडगावला एका कंपनीच्या टूर्नामेंटला निघून गेली होती. सातपेक्षा कमी खेळाडू असले तर सामना होत नाही, आणि मध्येच कमी झाले तर तिथेच थांबतो. रिज रोव्हर्सने या मोसमात एक सामना असाच घालवला होता. दुसरा घालवला की लीगमधून नाव कटणार होतं. हिंदूरावच्या टेकडीवर, म्हणजे दिल्लीच्या ‘रिज’वर, पहाटे धावणाऱ्या पोरांनी सुरू केलेला हा क्लब. उल्हासचे वडील त्याच्याकडून खेळले होते.

रेफ्रीने घड्याळ पाहिलं. “प्रधान साहब, सातवाँ है? नहीं तो मैं बंद करता हूँ.”

“सेक्रेटरी साहब, अब आप ही खेल लीजिए!” उल्हास पायऱ्यांवरून ओरडला. सगळे हसले.

गुणवंतरावांनी चष्मा काढला, तो बाकावर ठेवला आणि किटची बॅग घेऊन ते आत गेले. बाहेर आले ते तीस नंबरची जर्सी घालून.

लहान क्लबांतली ही जुनी पद्धत. मोसमाच्या सुरुवातीला खेळाडू कमी पडले की पदाधिकारी स्वतःचं नाव संघात घालतात. खेळत कुणीच नाही. उल्हासने त्यावर एक अख्खा कार्यक्रम केला होता: यांना खुर्ची पुरत नाही, जर्सीही हवी. रेफ्रीने ओळखपत्र पाहिलं, मान हलवली आणि शिट्टी वाजवली.

“लो जी, दादाजी उतर गए!” उल्हास म्हणाला. पडद्यावर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला.

गुणवंतराव धावत नव्हते. ते आपल्या गोलपुढे उभे राहून पोरांना हाका मारत होते. “इमरान, बाएँ. बाएँ! रॉबिन, छोड़ दे, साँस ले.” चेंडू जवळ आला की पाय पुढे करत. बहुतेक वेळा तो पायाखालून जाई. एकदा पोटावर बसला. ते वाकले, गुडघ्यांवर हात टेकले आणि सरळ झाले.

मध्यंतराला पोरं गवतावर आडवी झाली. गुणवंतराव उभेच राहिले.

“बसत का नाहीत हे?” सुनीतीने विचारलं.

“बसले तर उठणार नाहीत,” उल्हास म्हणाला.

उत्तरार्धात समोरच्या संघाने गोल मोजणं सोडून दिलं असावं. मग एका झटापटीत गुणवंतरावांचा गुडघा पिरगळला आणि ते कोसळले. स्ट्रेचर आलं. सहाही पोरं जागच्या जागी थांबली. रेफ्री वाकून काहीतरी म्हणाला. गुणवंतरावांनी नकारार्थी मान हलवली, इमरानचा खांदा धरला आणि एका पायावर उड्या घेत ते गोलपोस्टपाशी गेले. त्यांनी खांबाला मिठी मारली. रेफ्रीकडे बघून अंगठा वर केला.

खेळ सुरू झाला.

मग ते काहीच करत नव्हते. फक्त उभे होते. नियमाला तेवढं पुरेसं होतं. ऊन डोक्यावर, जर्सी पाठीला चिकटलेली, एक पाय अधांतरी. चेंडू त्यांच्या बाजूने जाळ्यात जाई, गोलकीपर तो काढून आणी, आणि ते पुन्हा हाक मारत, “चलो बच्चो, चलो.” करोल बागेच्या गल्ल्यांतली ती पोरं पळत होती. पायांत गोळे येत होते, पडत होती, लंगडत होती. पण पडलेला प्रत्येक जण आधी त्या खांबाकडे बघे आणि मग उठे. बाहेर कुणीच गेलं नाही.

पायऱ्यांवरचं हसणं केव्हाच विरलं होतं. समोरच्या संघाचे राखीव खेळाडूही उठून उभे राहिले होते. सुनीतीने उल्हासचा हात धरला.

शेवटची शिट्टी झाली. अकरा-शून्य. पण सामना पुरा झाला होता. रिज रोव्हर्स लीगमध्ये राहिला होता. गुणवंतरावांनी खांब सोडला आणि खांबाच्याच आधाराने ते हळूहळू खाली बसले. सहाही पोरं त्यांच्याकडे धावली.

“अहो,” सुनीती हलकेच म्हणाली, “तुमचा फोन बघा.”

पडद्यावर एकामागून एक ओळी सरकत होत्या. सर, आवाज़ नहीं आ रही. हाफ टाइम के बाद से आपका कुछ सुनाई नहीं दिया. उल्हास भाई, म्यूट हो क्या? कोई बताओ इनको, माइक बंद है.

उल्हास वाकला. त्याचा चेहरा ओला होता.

“माइक चालू है,” तो म्हणाला.