उत्तरेकडे तोंड

कॅस्पियन समुद्राला बाल्टिकशी जोडणारा कालवा फाइनाच्या कुंपणामागूनच जायचा. त्यातून दक्षिणेचे जाडओठे, बुळबुळीत गोबी मासे वर चढत आले. गावच्या माशांची अंडी खाऊन माजले, आणि आता जाळ्यात तेच यायचे.

फाइनाने नाक मुरडत त्यांची मुंडकी छाटली आणि घमेल्यात टाकली. सगळी मुंडकी उत्तरेकडे तोंड करून पडली. तिने घमेलं फिरवलं. चिकट फेसात चुळबुळ झाली, आणि ओठ हलवत ती मुंडकी पुन्हा उत्तरेकडे वळली.

"लादा, काल तू किती मासे खाल्लेस गं?" तिने सुनेला विचारलं.

"ताटभर. दोन जिवांची आहे ना मी." स्टुलावर बसलेली लादा हसली. "बाळही आज भारी वळवळतंय, आई. बघा."

लादाची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. फाइनाने हात पुसून तिच्या पोटावर ठेवला. बेंबीपाशी टणक डोकं लागलं. तिने सुनेला हळूच स्टुलावर डावीकडे वळवलं.

"हे काय, आता माझी फिरकी घेताय होय?"

डोकं बेंबीवरून सावकाश सरकलं, उत्तरेकडच्या कुशीत जाऊन थांबलं, आणि फाइनाच्या तळहाताखाली जाड ओठ उघडू-मिटू लागले.