डावीकडचा सुतार

जंगलात पायवाटेला दोन फाटे फुटतात तिथे मुलगी धापा टाकत थांबली, आणि तेवढ्यात आईचा फोन बंद पडला.

कळलं होतं ते एवढंच: आई घसरून ओघळीत पडली होती, घोटा मोडला असावा, उठता येत नव्हतं. वाट कधी सुटली तेही तिला धड सांगता येईना. "माझ्या डोक्यावर मोठा काळा सुतारपक्षी खोड वाजवतोय," ती म्हणाली होती. "त्याच्या आवाजावर ये. ठिपकेवाल्याच्या मागे जाऊ नकोस."

वनखात्याची माणसं निघाली होती, पण त्यांना यायला वेळ होता आणि ऊन उतरायला लागलं होतं. मुलीचं शिवणाचं दुकान होतं. बेतायला घेतलेलं कापड टेबलावर तसंच टाकून ती धावत आली होती. सुतारपक्ष्यांच्या जाती आईने तिला लहानपणापासून समजावल्या, पण ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बाबा तर म्हणायचे, या घरात आई फक्त पक्ष्यांचं ऐकते आणि आईचं फक्त पक्षीच ऐकतात.

उजवीकडून खोड वाजलं. खणखणीत, अगदी जवळ. ती तिकडे पळणारच होती, तोच डावीकडून दुसरा आवाज आला, लांबचा, पुसट.

चुकीच्या वाटेने गेलं तर अंधार पडेल.

जवळचा आवाज मोठाच वाटणार, एवढं तिलाही कळत होतं. तिने डोळे मिटले. आई एकदा वैतागून म्हणाली होती, निदान तुझ्या शिवणयंत्राचा आवाज ऐकतेस तसं तरी ऐक. उजवीकडचा आखूड होता आणि शेवटी विरत जायचा, यंत्रावरचा पाय काढल्यासारखा. डावीकडचा लांबलचक, एकसारखा, आणि दोरा तोडावा तसा एकदम थांबायचा. फोनवर आईच्या मागे ऐकू येत होता तोही असाच तुटत होता.

ती डावीकडे वळली. तिकडचा फाटा लगेचच संपला, पुढे नुसती झुडपं होती. बाहीला काटे लागले, ओढणी अडकली ती तिथेच राहिली. आणि अर्ध्यावर आल्यावर तो आवाज थांबला.

तिने हाका मारल्या. ओ आली नाही. मागे उजवीकडचा ठिपकेवाला मात्र वाजवतच होता, आणि आपण चुकलो असं तिला वाटायला लागलं. परत फिरावं म्हणून वळताना समोर एक वाळकं, पोकळ खोड दिसलं. तिने दोन्ही हातांत दगड घेतले आणि खोडावर बडवत सुटली. लांबलचक, एकसारखं, आणि एकदम बंद.

क्षणभर काहीच नाही. मग पुढच्याच उताराखालून उत्तर आलं, रागावलेलं.

आई ओघळीत उताणी पडली होती. ओठ पांढरे झाले होते, आवाज बसला होता. मुलगी घसरतच खाली उतरली.

"दुसरा नर आला समजून चवताळला बिचारा," आई पुटपुटली. "तो फसला. मी नाही फसले. असे दगड तूच बडवणार."

ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. तिने मुलीचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

वर काळा सुतार पुन्हा वाजवायला लागला. आईने तिकडे पाहिलंही नाही.