नरम बोल्ट

"असेच हवेत. वीस द्या," विर्पी म्हणाली आणि तुटलेल्या बोल्टचे दोन तुकडे तिने काउंटरवर ठेवले.

कोपऱ्यातल्या कॉफीच्या टेबलावर हशा पिकला.

"वीस? मार्चपर्यंत पुरतील का ग?" कालेवीने विचारलं.

"नाही पुरले तर येईन परत."

दुकानदार हेइमोने एक तुकडा उचलून बोल्टच्या डोक्यावरचा ताकदीचा आकडा वाचला. ८.८. मग त्याने मागच्या खणातून दुसरा बोल्ट काढला. तीच जाडी, तीच लांबी, डोक्यावर मात्र १०.९. "हा घेऊन जा. कडक पोलाद आहे. बसवायचा आणि विसरून जायचं."

"आणि पात्यात दगड आला की?"

"दगड फुटेल."

"नाहीतर गिअरबॉक्स."

ट्रॅक्टरला जोडायच्या बर्फ फेकणाऱ्या यंत्रात हा एक बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. मळसूत्री पात्यात दगड अडकला की आधी तो तुटतो, पातं जागच्या जागी थांबतं आणि मागच्या गिअरबॉक्सचे दाते वाचतात. टेबलावरच्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. तरी हेइमोला कोणी अडवलं नाही.

कालेवी रस्ता समितीचा अध्यक्ष होता आणि त्याचा राग गायींपासून सुरू झाला होता. विर्पी जाताना रस्त्याची एक बाजू साफ करायची, येताना दुसरी. टपालपेट्यांच्या पुढच्या शेवटच्या चढावर बोल्ट तुटला की ती बर्फात आडवी होऊन नवा बसवायची, आणि तोवर खालचा रस्ता अर्धाच मोकळा राहायचा. या हिवाळ्यात दोनदा दुधाचा टँकर कालेवीच्या गोठ्यापर्यंत पोचायला उशीर झाला होता.

"आर्नोने अठरा हिवाळे हेच यंत्र चालवलं," कालेवी म्हणाला. "बसलाय समोर. विचार त्याला, किती बोल्ट तोडले."

आर्नो कॉफीत पाव बुडवत होता. खुब्याचं हाड झिजल्यावर त्याने काम सोडलं आणि यंत्र विर्पीला विकलं, तेव्हापासून त्याची सकाळ इथेच जायची. "एकही नाही," तो म्हणाला. "त्याला हात लागतो पोरी. यंत्र बोलत असतं, ते ऐकावं लागतं."

"ऐकते मी. शिव्या देतं ते."

पुन्हा हशा पिकला. विर्पीही हसली, पण आर्नोचं वाक्य तिला लागलं होतं. तिने सगळं करून पाहिलं होतं. चढावर वेग निम्मा केला. पातं जमिनीपासून उंच राहावं म्हणून त्याखालचे टेकूचे पाय बोटभर खाली घेतले. शरद संपायच्या आधी तो चढ पायी चालून दगड वेचून टाकले. पण गोठणारी जमीन दर हिवाळ्यात खालून नवे दगड वर ढकलते, आणि ते बर्फाखाली दिसत नाहीत. मग आर्नोला ते कसे दिसायचे? आपल्याच हातात काही कमी आहे का, हे तिने अजून कोणाला विचारलं नव्हतं.

"हे बघ," कालेवी आता हसत नव्हता. "कडक बोल्ट घे आणि वेळेवर खाली येत जा. नाहीतर सोमवारी मी शहरातल्या ठेकेदाराला फोन करतो."

या रस्त्याच्या कामाच्या जोरावर ती कागद कारखान्यातली नोकरी सोडून वडिलांच्या घरी परतली होती. हे काम गेलं की घरही गेलं. हिवाळ्यात गावात दुसरं काम नव्हतं.

तिने कडक बोल्ट हातात घेतला. वजन तेवढंच होतं. गिअरबॉक्स कदाचित हा हिवाळा काढेल, कदाचित पुढचाही. तोवर कोणी हसणार नाही, टँकर थांबणार नाही, आणि आर्नो म्हणेल, बसला बघ हात. तिने तो काउंटरवरून हेइमोकडे परत सरकवला.

"८.८ चेच द्या. आणि वीस नको, चाळीस द्या."

"विर्पी," कालेवी म्हणाला, "मी थट्टा करत नाहीये."

"मीपण नाही. यंत्रात काय तुटू द्यायचं ते मी ठरवणार. तुम्हाला फोन करायचाय ना, मग सोमवारची वाट कशाला बघताय? हेइमोचा फोन तिथे आहे."

कालेवी खरंच उठला. तेवढ्यात दार उघडलं आणि थंडीच्या झोताबरोबर साइमी आत आली. चढाच्या टोकावरच्या एकट्या घरात राहणारी म्हातारी. अंगात ठेवणीतला कोट, हातात पर्स. ती बुटांवरचा बर्फ झटकत असताना सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"साइमी?" हेइमो म्हणाला. "फेब्रुवारीत तू? वसंत आला आणि आम्हाला कळलंच नाही की काय?"

"पाखरांचे दाणे संपले. मोठी पिशवी दे."

"मोठी? ती काय घसरगाडीवरून नेणार, एवढ्या लांब पायाने रेटत?"

"टॅक्सी उभीये बाहेर. दारातून बसले, दारात उतरेन." साइमीने हातमोजे काढले, स्वतःच कॉफी ओतून घेतली आणि विर्पीकडे वळली. "तुला भेटायचंच होतं. आभार मानायचे राहिलेत."

"कसले?" विर्पीने विचारलं.

"रस्त्याचे. आर्नो तर चढाखाली टपालपेट्यांपाशीच यंत्र वळवायचा. म्हणायचा, समितीचा रस्ता इथे संपतो."