अते

कोर्टाच्या दारातच डार्लीननं आईला अडवलं.

"पोटच्या पोराच्या विरुद्ध जाऊन बसणार तू?"

"मी कुणाच्या विरुद्ध बसत नाही," अल्वीना म्हणाली. "पोरीजवळ बसतेय."

"बस की. उद्यापासून कुणाच्या दारात जेवायला जातेस, तेही बघते मी."

बाकावर दाटीवाटीनं बसलेल्या भाचरापुतण्यांपैकी एकानंही मान वर केली नाही. अल्वीना एकटीच आत गेली.

अमेरिकेतल्या लाकोटा आदिवासींच्या राखीव मुलखात लेकराच्या अंगाला कुणी हात लावला, की खटला इथं, रॅपिड सिटीच्या फेडरल कोर्टात येतो. साक्ष देणाऱ्या लहान मुलाजवळ एखादं मोठं माणूस बसू शकतं, ही त्या कायद्यातलीच सोय. दहा वर्षांच्या वनेटानं आजीचं नाव सांगितलं होतं. समोर आरोपीच्या खुर्चीत डेल्मर होता, अल्वीनाचा धाकटा. थोरला, म्हणजे वनेटाचा बाप, गाडीच्या अपघातात गेला, तेव्हा डेल्मरनंच पोरीला आपल्या घरी नेलं होतं.

"हात धरा, हवं तर मांडीवर घ्या," जज अल्वीनाला म्हणाले. "पण तोंडातून एक शब्द निघता कामा नये. मानसुद्धा हलवायची नाही. नाहीतर मुलीची साक्ष वाया जाईल."

अल्वीनानं ओठ घट्ट मिटले.

डेल्मरचा वकील गोड आवाजाचा होता. अशा माणसांची अल्वीनाला आधीपासूनच भीती वाटायची.

"बाळ, शाळेतल्या बाईंना तू काय सांगितलं होतंस? कुणी त्रास दिला?"

"डॅडनी."

"आणि आज म्हणतेस डेल्मरनी. तुझे डॅड तर त्याच्या आधीच वारले होते ना?"

"हो."

"मग काय, मेलेला माणूस उठून आला होता?"

ज्यूरीतलं कुणीतरी खुर्चीत चुळबुळलं. वनेटानं आजीकडे पाहिलं.

उत्तर अल्वीनाच्या जिभेवर होतं, एकाच शब्दाचं. अते. लाकोटांत बापाला अते म्हणतात आणि बापाच्या भावालाही अतेच. पोरीनं बाईंना सांगताना त्याचं सरळ इंग्रजी केलं होतं, डॅड. इंग्रजीला काय, काका, मामा, आत्याचा नवरा, सगळे एकाच दावणीला: अंकल. आणि त्या भाषेत आज दहा वर्षांची पोर खोटी ठरत होती. अल्वीना समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"आजीकडे नको, माझ्याकडे बघ," वकील म्हणाला.

वनेटानं त्याच्याकडे बघितलं. "तुम्हांला भाऊ आहे?"

"आहे. पण प्रश्न मी..."

"त्याची मुलं तुम्हांला काय म्हणतात?"

"अंकल." वकील हसला.

"नुसतं अंकल? मग भाऊ मेला तर त्या मुलांचे बाबा कोण?"

वकिलाचं हसू मावळलं. जज म्हणाले, "मुली, तू उत्तर दे."

"आमच्याकडे बाबा एकच नसतो," वनेटा म्हणाली. "माझे एक बाबा वारले. हे दुसरे." तिनं बोट दाखवलं नाही. घरी दाखवतात तसे नुसते ओठ पुढे काढून डेल्मरकडे दाखवलं. "यांनीच."

डेल्मरनं मान खाली घातली. वकील जागेवर जाऊन बसला.

दुपारी सरकारी वकीलबाई धावतच बाहेर आल्या. "शाब्बास पोरी! आता नाही सुटत तो." मग आपण हे कुणाच्या आईसमोर बोललो, ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या खाली बघत आत निघून गेल्या.

बाक रिकामा होता. आवारात वारा सुटला होता. घरच्यांच्या दोन्ही गाड्या केव्हाच निघून गेल्या होत्या. कोर्टातल्या एका बाईनं त्यांना घरी सोडायला गाडी मागवली होती, ती अजून यायची होती. दोघी पायरीवर बसल्या. अल्वीनानं पिशवीतला तळलेला पाव काढून अर्धा पोरीला दिला. तिनं तो खाल्ला नाही, नुसता हातात धरून ठेवला.

"उन्ची," ती आजीला म्हणाली, "आता मी अते कुणाला म्हणू?"

जजसाहेबांची बंदी केव्हाच उठली होती. अल्वीनाचे ओठ तरीही तसेच मिटलेले होते.