अकरा चुका

"आर्किमिडीजच्या थडग्यावर शंकू?" ती पुटपुटली. शंकू नव्हे, दंडगोल, आणि त्याच्या पोटात गोल. हे तिला बाबांनीच सांगितलं होतं, ती फ्रॉकात होती तेव्हा.

मांडीवरचं बाळ हललं. एका हाताने त्याला थोपटत तिने दुसऱ्या हाताने चूक दुरुस्त केली. ही अकरावी.

बाबा थोर गणितज्ञांच्या चरित्रांचं पुस्तक लिहीत होते. चाळीस वर्षं फळ्यापुढे काढल्यावर आता टेबलाशी बसायचे. नवरा कामासाठी परगावी, म्हणून ती चार महिन्यांच्या बाळाला घेऊन आईबाबांकडे राहत होती. रोज सकाळी बाबा चार पानं तिच्या उशाशी ठेवून जात. "बाळ झोपलं की टाइप कर. माझ्या बोटांना खडूचीच सवय." सगळं पुस्तक झालं की एकदमच छापून द्यायचं ठरलं होतं.

पहिली चूक सापडली तेव्हा तिला हसू आलं होतं. 'उतारवयात ऑयलर बहिरा झाला.' अहो बाबा, आंधळा! पण दुसऱ्या प्रकरणात पुन्हा चूक. तिसऱ्यातही. आता हसू येत नव्हतं.

आजोबांचं असंच सुरू झालं होतं. आधी तारखा गेल्या, मग माणसं. शेवटी एकदा त्यांनी बाबांना विचारलं होतं, "आपण कुणाकडे आलात?" बाबा अंगणात जाऊन बराच वेळ उभे राहिले होते.

म्हणून ती गुपचूप दुरुस्त करी.

"काय गं, पानं कशी वाटली?" बाबा रोज विचारत.

"छान."

"काही खटकलं नाही?"

"नाही, बाबा."

"बरं," म्हणून ते चष्मा पुसत बसत.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिची वेगळीच तक्रार. "मिठाचा डबा फ्रिजमध्ये आणि दही कपाटात! दूध तर रोज उतू. आणि विचारलं तर ही नुसती भिंतीकडे बघते. बाप तशी लेक."

बाबा या विनोदावर हसले नाहीत. तेच तिला जास्त लागलं.

त्या दिवशी तिने धीर केला. "बाबा, एकदा डॉक्टरांना भेटून येऊ या का? सहजच. वयाप्रमाणे."

ताप अंगावर काढणारा माणूस. नाही म्हणणार, अशी तिची खात्री होती.

"येऊ की," बाबा लगेच म्हणाले. "वेळ मी घेतो. डॉक्टरबाई माझी विद्यार्थिनी आहे. पण तूही आत यायचंस हं. बाहेर बसायचं नाही."

घाबरलेत बिचारे, असं तिला वाटलं.

डॉक्टरबाई हसतमुख होत्या. "सरांच्या तासाला झोपायची सोय नव्हती," त्या तिला म्हणाल्या. "कुणावर ओरडायचे नाहीत, तरी सगळा वर्ग टक्क जागा!"

"तू तिसऱ्या बाकावर डुलक्या घ्यायचीस," बाबा म्हणाले. बाळ त्यांच्या मांडीवर चष्मा ओढत होतं.

मग डॉक्टरबाईंनी प्रश्न विचारले. झोप कशी लागते? भूक? पूर्वी आवडायचं ते आता करावंसं वाटतं का? बाबांनी एकेका शब्दात उत्तरं दिली आणि दर वेळी मान तिच्याकडे वळवली. "हिलाही विचार. रात्री घरात आम्ही दोघंच जागे असतो." मग तिनेही सांगितलं. झोप तुटक. भूक बरी.

"आता मला सांगा," डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, "सरांच्या लिखाणात काही चुका दिसल्या?"

तिने बाबांकडे पाहिलं. त्यांनी बाळाचं टोपडं सारखं करायला घेतलं होतं.

"सांग," ते म्हणाले. "मला राग नाही येणार."

ती सुरुवातीला अडखळली. ऑयलरचे डोळे. मग गॉस. "एक ते शंभरची बेरीज बाबांनी साडेपाच हजार लिहिलीय. एकशे एकच्या पन्नास जोड्या, पाच हजार पन्नास! शेंबडं पोरही सांगेल."

"थांबा हं." डॉक्टरबाईंनी समोरचा कागद ओढला. "सर, तुमचं लाल पेन द्या. माझं चालत नाही."

"गाल्वा द्वंद्वयुद्धात गेला तो विसाव्या वर्षी, तिशीत नाही. सोफी जर्मेनने पत्रं लिहिली ती भावाच्या नावाने नाही, एका विद्यार्थ्याच्या नावाने. का माहितीये? बाई म्हटल्यावर कुणी वाचणारच नाही, ही भीती!" बोलता बोलता ती खुर्चीच्या कडेला आली होती. हात हवेत गोल आणि दंडगोल काढत होते. कित्येक महिन्यांत ती इतकं सलग बोलली नव्हती.

"एकूण किती?"

"अकरा," ती म्हणाली आणि हवेतले हात खाली आले. डोळे भरून आले. "मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, खचतील."

बाबांनी मोठा श्वास सोडला. एवढा मोठा, की बाळ दचकलं.

डॉक्टरबाईंनी पेन परत केलं. "झोप कमी पडतेय, ती भरून काढा. बाकी काळजीचं कारण नाही. अगदी लख्ख आहे सगळं."

"नक्की?" दोघांनी एकदमच विचारलं.

"नक्की."

दवाखान्याचा जिना बाबा बाळाला घेऊन गाणं गुणगुणत उतरले. तिला रडावं की हसावं कळेना. छातीवरचा दगड उतरला होता.

काउंटरवरच्या मुलीने मागून हाक मारली. "ताई, फाइल राहिली."

पिशवीत सरकवण्याआधी तिने ती सहज उघडली. पेशंट म्हणून नाव तिचंच होतं. आत बाबांच्या वळणदार अक्षरात, महिनाभरापूर्वीची तारीख घालून, अकरा चुकांची यादी होती. प्रत्येकीपुढे लाल पेनाने बरोबरची खूण.